नेक्सॉन ईव्ही खाली बसवायची आहे: स्प्रिंग की कॉइलओव्हर? (इंदूर)

राजेंद्रनगरी
नमस्कार मंडळी. गाडी नेक्सॉन ईव्ही, पहिल्या पिढीची, ३०.२ किलोवॉट-तास बॅटरीवाली. गाडीवर जीव आहे, पण दोन गोष्टी डोळ्यात खुपतात. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये एवढी फट आहे की आख्खी मूठ आत जाते. आणि महू ओलांडून मानपूरकडे जरा वेग धरला की पुलाच्या सांध्यावर गाडी उचलली जाते आणि मग दोन-तीन हेलकावे खाल्ल्याशिवाय शांत होत नाही. भेरूघाटात वळणावर अंग टाकते ते वेगळंच.

म्हणून ३५-४० मिमी खाली घ्यावी असा विचार आहे. देवास नाक्याकडच्या एका गॅरेजवाल्याचं म्हणणं, "भिया, स्प्रिंग का डेढ़ फेरा काट देंगे, एकदम बैठ जाएगी." दुसऱ्या एकाकडे पेट्रोल नेक्सॉनच्या लोअरिंग स्प्रिंगा आहेत, त्या याला "सेम टू सेम" लागतील म्हणाला. तिसरा मार्ग बाहेरून कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकरचा संच) मागवायचा, पण तो सेट लाखाच्या घरात जातो.

कोणी विजेच्या गाडीवर हे केलंय का? आणि "मग उंच गाडी घेतलीच कशाला" हे कृपा करून लिहू नका. घरी ऐकून झालंय.

फुकटसल्ला
मग उंच गाडी घेतलीच कशाला?

सतराचापाना
दादा, स्प्रिंग कापायचं नाव काढू नका. स्प्रिंगचं शेवटचं वेटोळं मुद्दाम वळवून आणलेलं असतं, ते खालच्या बशीत नीट बसावं म्हणून. डेढ़ फेरा कापला की ते बसणारं टोकच गेलं. उरलेलं टोक बशीत एका कोपऱ्यावर टेकतं, तिथला रंग जातो, गंज धरतो आणि एक दिवस तिथेच तडकतं. गॅस कटरने कापली असेल तर आसपासच्या पोलादाचा ताव उतरतो, ते वेगळंच.

पुढे निदान शॉकर स्प्रिंगच्या मधून जातो, त्यामुळे ती जागा सोडून पळत नाही. नेक्सॉनला मागे ट्विस्ट बीम आहे, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई. तिथे स्प्रिंग वेगळी, शॉकर वेगळा, आणि स्प्रिंग नुसत्या वजनाच्या दाबाने बसलेली असते. ती आखूड झाली आणि खड्ड्यात चाक पूर्ण लटकलं, की स्प्रिंग मोकळी. एक हॅचबॅक आमच्याकडे आली होती, मालक म्हणे मागून टण् टण् वाजतंय. लिफ्टवर घेतली तर डावीकडची स्प्रिंग बीमवर तिरकी पडलेली, वरचं रबर गायब आणि आतल्या पत्र्यावर चंद्रकोरीसारखी चकचकीत घासलेली खूण. स्प्रिंग अर्थातच कापलेली.

पिथमपूरकर
धागाकर्त्यांच्या दोन तक्रारी एकमेकींपासून सोडवू या, नाहीतर चुकीच्या गोष्टीवर पैसे जातील.

फट हा दिसण्याचा प्रश्न आहे. हेलकावे हा शॉकरचा प्रश्न आहे. गाडी उचलली जाते ती स्प्रिंगमुळे, थांबत नाही ती शॉकरमुळे. शॉकर दमलेला असेल आणि त्यावर तुम्ही कडक लोअरिंग स्प्रिंग चढवलीत, तर हेलकावे कमी व्हायच्या ऐवजी जास्त झटक्याचे होतील, कारण जास्त कडक स्प्रिंगला आवरायला जास्त जोराचा शॉकर लागतो. म्हणून आधी चारही शॉकर पुसून कोरडे करा, काही दिवस चालवा आणि मग बोट फिरवून बघा. धूळ तेलकट होऊन चिकटली असेल तर तो शॉकर गेला. डिकी दाबून सोडायची जुनी परीक्षा आजच्या गाड्यांवर फारशी उपयोगाची नाही, अगदी मेलेला शॉकरच तिच्यात पकडला जातो.

आता ४० मिमीचं गणित. समजा चाकाला वर यायला बंपस्टॉपपर्यंत, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यापर्यंत, ८० मिमी जागा आहे. (आकडा उदाहरणासाठी, तुमच्या गाडीचा मोजून घ्या.) ४० खाली घेतलीत, जागा उरली ४०. स्प्रिंग जी ऊर्जा पोटात घेते ती दाबाच्या वर्गाच्या पटीत असते. म्हणजे निम्म्या जागेत तोच खड्डा गिळायचा तर स्प्रिंग चौपट कडक हवी. चौपट कडक स्प्रिंग कोणी विकत नाही, विकली तर तुम्ही राऊपर्यंतसुद्धा बसू शकणार नाही. बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंगा मूळपेक्षा थोड्याच कडक असतात आणि उरलेलं काम बंपस्टॉपवर ढकलतात. मोठ्या खड्ड्यात जो ठक् आवाज येतो तो तोच.

पेट्रोल नेक्सॉनच्या स्प्रिंगा बाद. विजेची गाडी बरीच जड आहे आणि ते जास्तीचं वजन दोन्ही ॲक्सलवर (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या जोडीवर) पेट्रोलच्या हिशेबाने वाटलेलं नाही. नाव सेम, माप सेम, ओझं वेगळं. "३० मिमी"ची म्हणून विकलेली स्प्रिंग तुमच्याकडे किती खाली बसेल ते विकणाऱ्यालाही माहीत नसणार.

वळणात अंग टाकण्याबद्दल: गाडी खाली घेतली म्हणजे कलणं कमी होतंच असं नाही. पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉकर एकत्र असलेली रचना) गाडी खाली गेली की लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, आडवा होत जातो आणि ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली सरकतो. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे कलवणारी तरफ लांब होते. स्प्रिंग किंवा अँटीरोल बार (कलणं रोखणारी दांडी) कडक केला तरच फायदा दिसतो. तसंही बॅटरी जमिनीलगत असल्याने गुरुत्वमध्य खाली आणायचं बरंचसं काम कारखान्यातच झालेलं आहे.

मालवी_मिरची
पिथमपूरकर काका, हे सगळं ठीक, पण मुख्य गोष्ट राहिली. गतिरोधक! आमचं इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, झाडू फिरतो, रस्ते धुतले जातात, पण गल्लीत गतिरोधक ज्याला वाटेल तो घालतो. आमच्या सुदामानगरात एका घरासमोर सिमेंटचा चांगला वीतभर उंच वरवंटा घातलाय, वर रंगही नाही. माझी पण विजेचीच आहे आणि त्यावरून जाताना मी तिरकी घालून एकेक चाक उतरवते. खाली इंजिन नाही, बॅटरी आहे हो. पेट्रोलच्या गाडीची चेंबर फुटली तर ऑइल सांडेल, नवी चेंबर बसेल. इथे काय बसणार?

पिथमपूरकर
अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवलंत ताई. याचंही गणित सोपं आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असतो. नेक्सॉनचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४९८ मिमी. गाडी बरोबर मध्यावर आली की चारही चाकं गतिरोधकावरच असतात आणि मधला उंचवटा चाकांच्या पातळीपेक्षा फक्त ४६ मिमी वर येतो. व्हीलबेसचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, कोणीही करून बघावं. जमिनीपासून २०५ मिमी उंच पोटाच्या गाडीला ४६ म्हणजे काहीच नाही, ४० खाली घेऊन १६५ केली तरी आरामात निघेल.

पण सुदामानगरचा वरवंटा फूटभर रुंद आहे. तिथे पुढची चाकं उतरून गेलेली, मागची अजून चढायची, आणि मधे त्याची सगळी उंची बॅटरीच्या पोटाखाली. १५ सेंमीचा असेल तर १६५ मिमीच्या गाडीला उरले १५ मिमी. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असेल तर तेवढेही नाहीत. शिवाय पुढची चाकं उतरताना गाडी नाक खाली घालते. मानकातला गतिरोधक जितका रुंद तितका सोपा, गल्लीतला जितका अरुंद तितका वैरी. लांब व्हीलबेसच्या गाडीचं आणखी वाईट. बीवायडी सील या गाडीचा व्हीलबेस २९२० मिमी आहे, तिला मानकाच्या गतिरोधकावरसुद्धा ६३ मिमी द्यावे लागतात.

फुकटसल्ला
म्हणजे कॉलनीतून बाहेर पडायला चार माणसं उतरवायची, गतिरोधक ओलांडायचा, परत बसवायची. माझ्या मामांची जुनी फियाट अशीच चालायची.

विंध्यवासी
पण बॅटरीला आयपी ६७ आहे ना? मीटरभर पाण्यात अर्धा तास राहते म्हणतात. मग एखाद्या घासण्याने काय होणार?

पिथमपूरकर
आयपी ६७ हा धूळ आणि पाणी आत न जाण्याचा दाखला आहे. आदळणं, घासणं यांचा त्याच्याशी संबंध नाही. आणि तो धड अवस्थेतल्या डब्याला दिलेला असतो. खालचा पत्रा आत दबला, कडेचा सील हलला, तर पुढच्या पावसात त्याच डब्याला तो दाखला लागू राहत नाही. गंमत म्हणजे तेव्हा काहीच होत नाही, गाडी मस्त चालते. इन्सुलेशनची चूक दाखवणारा दिवा पेटतो तो पहिल्या मोठ्या पावसानंतर. घासलीच तर लिफ्टवर घेऊन पोट बघा, फोटो काढून ठेवा, आणि दबलेलं दिसलं तर कंपनीच्या सर्व्हिसमध्ये तपासून घ्या. ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीची बॅटरी वॉरंटी सेल बिघडले तर आहे, तुम्ही वरवंट्यावर आपटलीत तर नाही.

नेकरकाठचा_इंदूरकर
मी रामबागेतला, सध्या मुक्काम श्टुटगार्ट. इथे गाड्या खाली बसवायची हौस आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, पण पद्धत बघा. आयबाख, एच अँड आर, केडब्ल्यू या सगळ्यांच्या स्प्रिंगा आणि कॉइलओव्हर विजेच्या गाड्यांसाठीही मिळतात. प्रत्येकीबरोबर तपासणी संस्थेचा दाखला येतो. त्यात कोणत्या मॉडेलला, कोणत्या चाक-टायरला, आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलवर किती किलोपर्यंत चालेल ते छापलेलं असतं. म्हणजे पिथमपूरकर म्हणतात तेच, स्प्रिंग ॲक्सलच्या वजनावर निवडायची, गाडीच्या नावावर नाही. बसवून झाली की निरीक्षक गाडी बघतो आणि बदल गाडीच्या कागदावर चढतो. कागदावर चढला नाही तर गाडी रस्त्यावर चालवायचा परवानाच जातो.

तुम्ही मागवाल त्या सेटवर ॲक्सल वजन छापलेलं नसेल तर तो परत पाठवा.

खंडपीठ_रोड
आपल्याकडचं कागदाचं सांगतो, कारण इथे सगळे स्प्रिंगमध्ये अडकलेत. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्यापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. त्यात परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

आता आरसी बुकात जमिनीपासूनची उंची लिहिलेली नसते. म्हणून २० मिमी खाली घेतलेल्या स्प्रिंगला कलम ५२ लागतं का, यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो. चौकात पोलीस पट्टी घेऊन मोजत नाही. खरी अडचण अपघातानंतर येते. समोरच्याचा वकील आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर दोघांनाही गाडीखाली रंगीत स्प्रिंग दिसली की आनंद होतो. बदल करण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि लेखी उत्तर घ्या. एजंटचं "हो हो चालतंय" हे उत्तर नव्हे.

राजेंद्रनगरी
मंडळी, आभार. शॉकर पुसून बघितले. मागचा उजवा तेलकट निघाला, बोटाला काळं लागलं. मागची जोडी मूळ कंपनीचीच नवीन टाकली. मानपूरच्या सांध्यांवर आता गाडी एकदा उठते आणि बसते, संपलं. सौ. म्हणतात आता पुरे. पण मूठ अजून फटीत जाते!

एक मित्र म्हणतो खाली घेतली की हवेचा विरोध कमी होऊन रेंज वाढेल. खरं का?

पिथमपूरकर
थोडा फरक पडतो, कारण चाकांचा उघडा भाग आणि पोटाखालून जाणारी हवा कमी होते. पण नेक्सॉनसारख्या डब्याच्या आकाराच्या गाडीवर २० मिमीने काय होणार? हवेशी झगडण्यात दर किलोमीटरला जाणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ८० च्या ऐवजी १०० ने गेलात की तो भाग ५६ टक्क्यांनी वाढतो. उज्जैनला जाताना पाय जरा हलका ठेवा, स्प्रिंगांच्या पैशात हिवाळाभर सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू खा.

फुकटसल्ला
फट भरायचीच असेल तर चाक मोठं करा ना! मूळ टायर २१५/६० आर १६. त्या जागी २१५/६५ टाका. फट कमी आणि गाडी उलट उंच. मी कधीकधी खरा सल्लाही देतो.

सतराचापाना
कल्पना वाईट नाही, पण पूर्ण ऐका. त्रिज्या सुमारे ११ मिमी वाढेल, फट तेवढीच कमी होईल. घेर तीन टक्क्यांच्या थोडा वर जातो, त्यामुळे काटा १०० दाखवेल तेव्हा चाकाचा खरा वेग आधीपेक्षा तीन टक्के जास्त असेल आणि किलोमीटर कमी मोजले जातील. कंपनीचे टायर कमी घर्षणाचे असतात. ते सोडून कुठले जाड टायर घातलेत तर रेंज खाली येईल आणि मग तुम्ही "बॅटरी दमली" असा नवा धागा काढाल. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि पुढचं चाक दाबून आतल्या अस्तराला लागतं का बघावं लागेल.

मालवी_मिरची
मुठीला हातमोजा घाला, फट आपोआप भरेल.

राजेंद्रनगरी
ताई :)
ठीक, ४० चा हट्ट सोडला. २० मिमी, उंची बदलता येणारा सेट, ॲक्सल वजन छापलेला मिळाला तरच. विम्याला पत्र दिलंय, उत्तराची वाट बघतोय. बसवताना विजेच्या गाडीत वेगळं काय सांभाळायचं? गॅरेजवाला म्हणतो काही वेगळं नाही.

सतराचापाना
वेगळं आहे, आणि पहिलं जॅकचं. आपल्याकडे पोरं ट्रॉली जॅक आणतात आणि सवयीने गाडीच्या मधोमध सरकवतात. तुमच्या मधोमध बॅटरी आहे. जॅक आणि लिफ्टचे हात फक्त दाराखालच्या पट्टीवरच्या खुणेच्या जागी, रबर पॅड घालून. दोन खांबी लिफ्टचा हात आत जास्त घुसून बॅटरीच्या कडेला टेकत नाही ना, हे स्वतः वाकून बघा, पोराच्या "हो भिया"वर सोडू नका. मागच्या बीमखाली जॅक लावून स्प्रिंग मोकळी करताना बीम हळू उतरवायचा, ब्रेकचा होज आणि एबीएसची तार ताणली जाता कामा नये.

नारिंगी तारा दिसतील, त्यांना हात नाही, त्यांच्यावर पाना टेकवायचा नाही. सस्पेन्शनच्या कामात त्या सोडायची गरजच पडत नाही. जो म्हणेल "ये तार हटानी पड़ेगी" त्याच्याकडून गाडी परत घ्या.

स्ट्रटचा वरचा नट स्प्रिंग कंप्रेसर घट्ट बसल्याशिवाय सोडायचा नाही, ही बाकी सगळ्याच गाड्यांची गोष्ट. आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी: लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट चाकं लटकलेली असताना शेवटचे आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर, नव्या उंचीला उभी असताना टॉर्क करायचे. हवेत आवळले की बुशचं रबर त्याच स्थितीत पकडलं जातं आणि गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं. थोड्याच दिवसांत चिरकतं, आणि उंचीही धड मिळत नाही. जुने नट परत वापरू नका, नवे घ्या.

राजेंद्रनगरी
आणि अलाइनमेंट?

पिथमपूरकर
लगेच एकदा, मग स्प्रिंगा बसून गेल्यावर परत. पुढे टो (वरून बघता चाकं आत-बाहेर वळलेली असणं) नक्की हललेला असेल, कॅम्बरही (समोरून बघता चाकाचा कल) थोडा. टो टाय रॉडने जुळतो. मागे ट्विस्ट बीमला जुळवायला काही नसतं, पण मागचे आकडे छापून मागाच, बीम वाकडा असेल तर तिथेच कळेल. उंची चारही मडगार्डपासून हबच्या, म्हणजे चाकाच्या, मध्यापर्यंत मोजा, जमिनीपासून नको, टायरच्या हवेने आकडा फिरतो. आधीची मापं आत्ताच लिहून ठेवा, नंतर कशाशी ताडणार? हेडलाइटची पातळी परत जुळवा. ज्यांच्या गाडीत पुढचा कॅमेरा आणि रडार आहे त्यांनी कंपनीच्या कॅलिब्रेशनशिवाय उंचीला हात लावू नये. तुमच्या मॉडेलमध्ये ते नाही, सुटलात.

खंडपीठ_रोड
मूळ स्प्रिंगा आणि शॉकर भंगारात देऊ नका. गाडी विकताना लागतील, किंवा आरटीओने हरकत घेतली तर परत घालायला.

राजेंद्रनगरी
माळ्यावर जागा केली आहे. हबपासूनची मापं उद्या सकाळी घेतो, गाडी रिकामी, चारही टायरला सारखी हवा. मोजायला सपाट जागा मात्र आमच्या गल्लीत नाही.

सतराचापाना
पेट्रोल पंपाच्या हवेच्या जागेजवळ फरशी सपाट असते. सकाळी लवकर जा, हवाही तिथेच भरा.